म्हशीच्या कानी घातलेलं

आई गेल्यावर कसबा बावड्याच्या आमच्या घरी म्हैस पान्हा चोरायला लागली. रेडकू मेल्यापासून ती फक्त आईच्या हाताला धार द्यायची. आता माझे वडील, आबा, खाली बसले की पाय झाडायची. चरवीचा तळ झाकेल एवढंच दूध यायचं. शेजारचे काका म्हणाले, "पान्ह्याचं इंजेक्शन द्या, न्हायतर इकून टाका." इंजेक्शनला आबांनी साफ नकार दिला. रविवारी व्यापारी येणार असं ठरलं आणि त्या रात्री आबा अर्ध्या ताटावरून उठले.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. त्या दिवसांत पुस्तक उघडवत नव्हतं. म्हशीलाही दुःख झालंय, असं जो तो म्हणे. खरंही असेल, पण त्यावर करायचं काय? 'आई नाही' हे इतकं सलग होतं की हात कुठं लावावा कळेना. म्हणून मी त्याचे भाग पाडले. धारेच्या वेळी आईचं काय काय असायचं? रात्री भिजवलेली पेंड. जुनं पातळ. बांगड्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची ठरवली.

पेंडीनं काही झालं नाही. मग मी आईचं पातळ नेसून गोठ्यात गेले. आबा बघतच राहिले.

"म्हशीला फसवतीस व्हय? ती तुझ्यापेक्षा शानी हाय."

म्हैस खरंच फसली नाही. बांगड्याही वाजवून झाल्या.

"आबा, धार काढताना आई गप्प असायची?"

"ती? गप्प?" आबा कितीतरी दिवसांनी हसले.

"मग काय बोलायची?"

ते उगीच वैरण सारखी करत राहिले. "माझ्याच चुगल्या की. मी भितीमागं दात घासत ऐकायचो."

"मग आता तुम्हीच करा."

"माझ्या मीच?"

"करून बघा तरी."

आबांनी म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं. बराच वेळ नुसतीच कास चोळली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्याला किती सांगायचं बाई, ऐकतच न्हाय. गोळ्या खाल्ल्या म्हणतोय, खात न्हाय." म्हशीचा कान वळला. "दवाखान्यात चल म्हटलं तर उद्या, उद्या करतोय…"

चरवीत धार वाजली. आबा एकदम थांबले.

"बोला," मी म्हणाले.

रविवारी व्यापाऱ्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

आबा आता रोज बोलतात, आणि सगळ्या चुगल्या आईच्या राहिलेल्या नाहीत. काल म्हणत होते, "पोरगी एवढी घरात ऱ्हायलीय, तर म्हातारा तिच्यासंगं धड बोलत पण न्हाय."

एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळंच दुसरं घडलं असं मानू नये, असं मी वर्गात सांगते. म्हैस त्या बोलण्यानंच पान्हावली, की एव्हाना तिची तीच सावरली होती? नीट तपासायचं तर एका सकाळी आबांना गप्प राहून धार काढायला सांगायला हवं. ते मी अजून सांगितलेलं नाही.