गाळलेली दोन पानं

नवऱ्याला मी सगळं सांगत असे. शेजारणीशी झालेली कटकट, हेडमास्तरांचा तिरसटपणा, दुखरा गुडघा, सगळं. हे मात्र नाही सांगितलं. तो गेला, आणि हे माझ्यापाशीच राहिलं. एकदा तांदूळ निवडता निवडता लेकीसमोर जिभेवर आलं होतं — गिळलं. आज लिहिते आहे. आजच काहून, ते मलाही धड माहीत नाही.

सानगडीत मला 'लढाईवाल्या बाई' म्हणतात. एकोणतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर गावच्या वाचनालयात बसायला लागले. माझ्या वयाच्या बायका पोथ्या नेतात. मी खंदक, तोफा, रणगाडे घरी नेते. भरतीची तयारी करणारी पोरं येतात, म्हणतात, बाई, लढाईवरचं एखादं चांगलं पुस्तक सांगा. मी सांगते. सेनापतीच्या पुस्तकात सगळं ठरवल्यासारखं घडतं, ते नंतर वाच म्हणते. आधी साध्या शिपायाचं वाच. त्यात पाय सुजतात, पोटात कावळे ओरडतात, पत्र येत नाही. कोणाला कोणतं पुस्तक द्यायचं हे मला माणूस पाहिला की कळतं, अन् याचा मला फार गर्व होता. ती विद्या मी कशी वापरली, तेच सांगायचं आहे.

हा नाद मला लागला तो धनुदादामुळे.

धनराज, माझा थोरला भाऊ. फौजेत गेला तेव्हा मायनं अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. चार महिन्यांत ट्रेनिंग सोडून तो परत आला. काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. ढोरं घेऊन तलावाच्या पारीवर, त्या बांधावर, जायचा, सांज झाली की यायचा. गाव कुजबुजत होतं, पण तोंडावर कोणी बोलत नव्हतं. मग गावचाच यादोराव फौजेतून सुटीवर आला.

यादोराव तेव्हा नायक होता, पुढे हवालदार झाला. एकाहत्तरची लढाई पाहून आलेला, छाती काढून चालणारा. आठवडी बाजाराचा दिवस. धनुदादाच्या पायात फौजेतले बूट होते — दुसरे नव्हतेच त्याच्याकडे. यादोरावानं भर बाजारात त्याची वाट अडवली. म्हणाला, "हे बूट भगोड्यासाठी नसते. काढ." अन् दादानं काढले. मिरच्यांच्या ढिगाशेजारी उकिडवं बसून त्यानं नाड्या सोडल्या. मी आठवीत होते, हातात भाजीची पिशवी होती. लोक हसले. माझा भाऊ अनवाणी घरी आला, आणि मी त्याच्या दहा पावलं मागे चालले, कारण मलाही लाज वाटत होती. हेही लिहून टाकते.

त्या वर्षीच तो रायपूरकडे कामाला गेला. दोन पत्रं आली. नंतर काहीच नाही, आजपर्यंत नाही. माय वाट पाहता पाहता गेली.

तर मी लढाईची पुस्तकं वाचायला लागले ती यासाठी, की माझा भाऊ कशाला भ्याला ते मला बघायचं होतं. आणि काय सापडलं माहीत आहे? सगळेच भ्यालेले. ज्यांच्या छातीवर पदकं आहेत त्यांनीही लिहून ठेवलंय — हात कापत होते, पोट बिघडलं होतं, आईची आठवण येत होती. एकेक पुस्तक मिटताना मला बाजारातला यादोराव आठवायचा. म्हणायची, थांब बाप्पा, तुझंही पान सापडेल कधीतरी.

आणि ते सापडलं.

यादोराव पेन्शनीवर गावात येऊन म्हातारा झाला होता. एकच गोष्ट सांगायचा. कंपनी मागे हटत होती, एका छोट्या पुलावर तो आणि लाखांदूरकडचा दसाराम मशीनगन घेऊन थांबले, जखमी पलीकडे जाईपर्यंत थांबले, आणि दसाराम तिथंच गेला. सांगून सांगून तिचा पार चोथा झाला होता. पदक ना बिल्ला, कोण विश्वास ठेवणार? पोरं विचारायची, हवालदार काका, आज किती मारले? तो चिडायचा. मी हसायची — लपवून.

सहा वर्षं झाली असतील. तो वाचनालयात आला. शुगरनं डोळे गेले होते, काठीनं उंबरठा चाचपत आला. भंडाऱ्याला कोणी जुना फौजी भेटला होता, त्यानं सांगितलं होतं की आपल्या कंपनीच्या मेजर साहेबांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. तेवढं मागवा आणि वाचून दाखवा, म्हणाला. हात जोडले हो त्यानं मला. आणि जाता जाता, सहज, पाऊसपाण्याचं विचारावं तसं त्यानं विचारलं, "तुमचा एक भाऊ होता न बाई? कुठं असते तो आता?"

त्याला आठवतही नव्हतं. माझ्या मायचं आयुष्य ज्या दिवशी मोडलं तो दिवस या माणसाच्या लक्षातही नव्हता. मी म्हटलं, बाहेरगावी असतो. आणि पुस्तक मागवलं.

माझी सवय अशी, की वाचून दाखवायचं पुस्तक मी आधी घरी पूर्ण वाचते, धडा तयार करावा तसं. पेन्सिलनं खुणा करते — इथं थांबायचं, इथं मराठीत समजावून सांगायचं. दुपारी पडवीत बसून वाचत होते आणि तो पूल आला. दोन पानं. यादोराव सांगायचा ते सगळं खरं होतं. कणभर जास्त नाही. उलट त्यानंच कमी सांगितलं होतं. नावानिशी लिहिलं होतं — त्याचं, दसारामचं, दोघांच्या जिल्ह्याचंसुद्धा. आणि हेही होतं, की यादोरावाचे हात इतके कापत होते की त्याला गोळ्यांची पेटी बसवता येईना. दसारामनं बसवून दिली. मेजर साहेबांनी लिहिलं होतं की अशा कापऱ्या हातांनी थांबलेला माणूस त्यांनी दुसरा पाहिला नाही, आणि या दोघांमुळे अकरा जखमी जगले.

मी उठून उभी राहिले. रागानं कानशिलं तापली. कापऱ्या हातांचा हा, आणि माझ्या भावाच्या पायातले बूट काढणारा हा? याला छापील पुस्तक शूर म्हणतं, अन् माझ्या दादाला गाव भगोडा म्हणतं — हा कुठला न्याय? वाटलं, फक्त कापऱ्या हातांचं तेवढं वाचावं. पण नाही. ते वाचलं असतं तर म्हातारे म्हणाले असते, तरीबी थांबला न गडी! त्याचं नाव माझ्या तोंडून निघालं असतं. ते मला नको होतं.

मी पेन्सिल घेतली आणि त्या दोन पानांवर उभी रेघ मारली. जागा जोडायला एक वाक्य स्वतः तयार केलं — कंपनी सांजेला पूल ओलांडून सुखरूप पलीकडे पोचली. 'सुखरूप' हा शब्द मी निवडून घातला. मास्तरीण आहे, शब्द निवडता येतात मला.

पाच रविवार वाचन चाललं. पाच-सात म्हातारे, दोन-तीन पोरं. यादोराव पुढच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांत धरून. गावांची नावं आली की मान डोलवायचा. चौथ्या रविवारी पुलाच्या अलीकडे येऊन थांबले. पाचव्या रविवारी तो सोबत एका म्हातारीला घेऊन आला. सायत्राबाई, दसारामची बहीण. सकाळच्या बसनं लाखांदूरहून आली होती. यादोरावाला ती दर वर्षी राखी बांधायची, भाऊ म्हणायची. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी घरचे पोहे. खुर्ची दिली तर नको म्हणाली, माझ्या पायाशीच सतरंजीवर बसली. तिला तिच्या भावाचं नाव ऐकायचं होतं. एवढंच.

इथं मी थांबू शकत होते. तिला पाहिल्यावर तरी थांबायला हवं होतं की नाही? मीही बहीणच. भावाची वाट पाहणं काय असतं ते मला कोणी शिकवायला नको होतं. पण माझं लक्ष यादोरावाच्या खुर्चीवर होतं. मी वाचत गेले. पूल आला. माझं वाक्य मी वाचलं आणि पान उलटलं, पुढची सकाळ वाचायला लागले.

यादोरावानं हात वर केला. म्हणाला, "बाई, जरा मांगं पाहा बरं. पुलाचं काही असंन."

मी पानं मागे उलटली. सगळ्यांदेखत. त्याचं नाव माझ्या अंगठ्याखाली होतं, त्याच्याखाली दसारामचं. मी सावकाश, वाचल्यासारखं करून, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. आणि म्हटलं, "नाही हो. काहीच नाही."

तो म्हणाला, माझं नसंन तर जाऊ द्या, दसारामचं तरी पाहा. मी पुन्हा नाही म्हटलं.

 मग सायत्राबाईनं मान वर केली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माझं मराठी वाक्य तिनं नीट ऐकलं होतं. ती माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली. हळू बोलली.

"सारेच सुखरूप आले म्हन्ते पुस्तक. मंग माहा भाऊच कसा मांगं राहिला जी?" आणि थोडं थांबून, "भाऊ, तुमी त्याले सोडून आले का?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. मला त्याला फक्त खोटं पाडायचं होतं. पण माझ्या त्या एका शब्दानं त्याला पळपुटा केलं — तेही तिच्यासमोर. यादोरावाचं तोंड उघडं राहिलं.  पन्नास वर्षं तीच गोष्ट सांगणारा माणूस, त्याला एक शब्द सापडेना. मांडीवरचे हात कापायला लागले, पुस्तकात लिहिले होते तसेच.

पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. बोट ठेवून वाचायचं, बस. अर्ध्या मिनिटाचं काम. मी काय केलं? मी त्याच्या हातांकडे बघत बसले, आणि खरं सांगते, माझं काळीज थंड झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मनात म्हटलं, दादा, बघ.

मग पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना चहा सांगितला.

सायत्राबाई चहा न घेता उठली. पोह्यांची पिशवी मात्र माझ्या हातात देऊन गेली, थकल्या असाल बाई, म्हणाली. तो तिच्यामागून काठी टेकत टेकत गेला, हाका मारत. ती थांबली नाही. दिवेलागणीच्या आत गावभर झालं होतं — हवालदारच पळून आला होता म्हणे, मोठ्या साहेबाच्या पुस्तकात लिहिलं आहे. लिहिलं नव्हतं. पण पुस्तकाचं नाव घेतलं की लोक मान खाली घालून ऐकतात. तो माझ्याकडे पुन्हा आला नाही. ती गोष्ट त्यानं पुन्हा कोणाला सांगितली नाही. त्या वर्षी राखीला लाखांदूरहून कोणी आलं नाही.

पुढच्या धानकापणीत तो गेला. मयतीला सायत्राबाई नव्हती. वाचनालयात शोकसभा झाली. बाई, तुम्ही बोला, म्हणाले. मी बोलले, आणि चांगलं बोलले. गावाचा अभिमान वगैरे म्हटलं. तेव्हा सांगता आलं असतं. मेलेल्या माणसाशी कसला सूड? पण होता, अजून उरला होता.

पुस्तक मी वाचनालयाच्या रजिस्टरात गहाळ दाखवलं. ते माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. मागच्या उन्हाळ्यात भरतीच्या एका पोरानं नेमकं त्याचंच नाव काढलं, कसं आहे म्हणून विचारलं. त्यात काही दम नाही, म्हटलं, आणि दुसरं काढून दिलं. एवढ्या पुस्तकांत त्याच्याइतकं खरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

यादोरावाचा राग मला अजून येतो. उगाच साळसूदपणा कशाला करू? तो बाजार आठवला की आजही कानशिलं तापतात. त्याच्यापुरतं विचाराल तर मी आजही तीच रेघ मारीन, असं कधी कधी वाटतं.

पण सायत्राबाई अजून जिवंत आहे. तिच्या भावानं काय केलं, तो कसा गेला, कोण शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतं, हे तिला आता माझ्या कपाटातल्या पुस्तकाशिवाय कोणीच सांगू शकत नाही. सांगणारा एक होता, त्याच्यावरचा तिचा विश्वास मी उडवला. ज्याला ती भाऊ म्हणायची त्याच्या मयतीला ती माझ्यामुळे आली नाही. आणि तिनं माझं काहीच वाईट केलं नव्हतं.