तिथी गुणिले पाऊण

समस्त मराठी बांधवांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, कोकणात जन्मलेल्या माणसाला समुद्र उपजतच कळतो ही समजूत तातडीने रद्द करण्यात येत आहे. ती रद्द करण्याचा अधिकार मला आहे, कारण ती पसरवणाराही मीच!

मी मूळचा मुरुडचा. (मुरुड सुटलं तेव्हा मला धड दातही आले नव्हते, पण रक्त ते रक्त!) गेली कित्येक वर्षं मी कॅनडातल्या कॅल्गरीत आहे, जिथे समुद्र पाहायचा तर आधी विमान गाठावं लागतं. त्यामुळे माझ्या दर्यावर्दीपणाची परीक्षा घेणारं कोणी नव्हतं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग माझ्या बायकोने, कल्पनाने, बेत काढला. देशाच्या पूर्व टोकाला फंडीच्या उपसागराकाठी काही दिवस पायी भटकायचं. सकाळी एका गावातून निघायचं, संध्याकाळी पुढच्या गावातल्या हॉटेलात पोचायचं, आणि जड सामान हॉटेलवाल्यांची गाडी नेणार. सोबत तिची आई. आई नागपूरच्या, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. पोहता येत नाही. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे पाहावं, तशा त्या समुद्राकडे पाहायच्या.

"इतकं पाणी लागते काहून पण?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आई, हा तुमचा अंबाझरी तलाव नव्हे!" मी खो खो हसलो. (हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनी ठेवलं होतं.)

दुसऱ्या दिवशी निघताना हॉटेलवाल्या बाईने बजावलं, "बीचवरून जाणार असाल तर टाइड चेक करा हं, डिअर!" इथली भरती जगात सगळ्यात उंच म्हणतात.

मी छातीवर हात ठेवला. "मॅडम, आय अ‍ॅम फ्रॉम कोकण!"

बाईचा चेहरा एकदम कनवाळू झाला. तिला तो एखादा आजार वाटला असावा.

आता आमच्याकडे वारसाहक्काने आलेलं एक सूत्र आहे : तिथीला पाऊणने गुणा, समुद्राची वेळ मिळते. टाइड टेबल नको, इंटरनेट नको! त्या दिवशी आईंचा संकष्टीचा उपास होता. म्हणजे चतुर्थी. चार गुणिले पाऊण, तीन!

"तीन वाजता समुद्र पार लांब गेलेला असेल," मी जाहीर केलं. "वरच्या जंगलातून डास खात कशाला जायचं? खालून किनाऱ्याने, आरामात!"

दुपारी आम्ही खाली उतरलो. एका हाताला लाल मातीचा उभा कडा, दुसऱ्या हाताला लांबच लांब वाळू. मी पुढे, दोन्ही हात मागे बांधून, बंदर तपासायला आलेल्या साहेबासारखा.

"प्रकाश, बीच अरुंद होतोय," मागून कल्पना म्हणाली.

"भास आहे तो. कडा पुढे आलाय."

"मघाशी तो काळा दगड कोरडा होता!"

"ओहोटीआधी समुद्र शेवटचा जोर लावतो, कल्पना." (असं काही नसतं. मला ते त्या क्षणी सुचलं.)

पुढचं वळण आलं, तर तिथे वाळूच नव्हती. नुसतं पाणी! मागे वळलो, तर आम्ही ज्या वाटेने आलो तीही गायब! फोनला सिग्नल नाही. आणि पाणी लाटांनी येत नव्हतं हो, नुसतं चढत होतं, गुपचूप, मोरीचा बोळा बसल्यासारखं. ते बुटात शिरलं आणि गारठ्याने पायांनी माझ्याशी संबंध तोडले.

"तुझा हिशेब बरोबर आहे ना?" कल्पनाचा आवाज चिरकला.

"अगं, चार गुणिले पाऊण! तीन वाजता पूर्ण..."

"पूर्ण काय?"

मी बोटांवर पुन्हा मोजलं.

"पूर्ण... भरती."

एक सीगल हसला. दुसरं कोणीच हसलं नाही. कल्पनाने आईंचा हात घट्ट धरला. आईंना पोहता येत नव्हतं आणि माझ्या एका "आरामात" वर विसंबून त्या इथवर आल्या होत्या. मी गणपतीला मोदक बोलायला लागलो. एकवीसपासून सुरुवात केली, पाणी गुडघ्याला लागेपर्यंत हजारावर गेलो!

आई मात्र समुद्राकडे पाठ करून कडा न्याहाळत होत्या.

"इकडे या! हे पाहा, खाली शेवाळ, वर गवत. हे गवत खाऱ्या पाण्यात बुडालं तर जगत नाही. म्हणजे पाणी त्याच्या वर जात नाही. चढा!"

वर बाजेएवढी एक कपार होती. खालून मी आईंना ढकललं, मग कल्पनाला, आणि मग वरून त्या दोघींनी मला पोत्यासारखं ओढलं. "जावईबापू, गुडघा! गुडघा टेका ना बाप्पा!"

कड्याला पाठ चिकटवून आम्ही बसलो. पाणी चढतच होतं. शेवाळ बुडालं. ज्यावर पाय देऊन चढलो तो दगड बुडाला. आईंनी साबुदाण्याच्या चिवड्याचा डबा उघडला. कोणीच त्यात हात घातला नाही. तिघांचे सहा डोळे गवताच्या पहिल्या पात्यावर. पाणी त्याच्या वीतभर खाली आलं... आणि थांबलं.

थांबलंच! ओहोटी लागून वाळू मोकळी व्हायला संध्याकाळ होणार होती, पण जीव वाचला होता. आणि अशा क्षणी शहाण्या माणसाने काय करावं? सासूचे पाय धरावेत. मी घड्याळ पाहिलं.

"तीन!" मी आनंदाने ओरडलो. "बरोबर तीन! बघितलंत? सूत्र अगदी अचूक आहे आमचं!"

कल्पनाने डोळे मिटून घेतले. आईंनी डब्याचं झाकण खाडकन लावलं आणि अख्ख्या उपसागराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या अंबाझरीला तिथी पाहून जावं लागत नाही, जावईबापू!"