मागच्या चाकामागची वीट

बहारीनच्या पोलिसात असताना हाताखालून गेलेली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. चोरी कुठली आणि मारामारी कुठली, हे मलाच धड सांगता येत नाही. जनाबियातल्या त्या मोटारीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात ना खून होता, ना दरोडा. होती ती एक लांबलचक अमेरिकन गाडी आणि एक साधी वीट.

मी मूळचा खेड तालुक्यातला. वडील बहारीनला कारकून होते, त्यामुळे अरबी मला लहानपणापासून यायची. त्या भाषेच्या जोरावरच पोलिसात शिरलो, आधी दुभाषी म्हणून आणि पुढे तपासावर. नव्वदीच्या दशकात आमच्या ठाण्यात हिंदुस्तानी माणूस आणला, की हवालदार आधी मला हाक मारायचा. जबाब अरबीत लिहिला जायचा, मग मी तो आरोपीला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. त्या दिवशीही मला असंच बोलावलं.

समोर बसलेला माणूस गुहागरकडचा होता. वय चाळिशीच्या आसपास. एका बहारीनी व्यापाऱ्याकडे घरचा ड्रायव्हर. घटना अशी होती. भर उन्हाळ्यातली दुपार. व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला बाहेर जायचं होतं. सगळे घरचे ड्रायव्हर करतात तेच यानं केलं. गाडी सुरू केली, एसी लावला आणि गाडी थंड व्हायला ठेवून म्हातारीला आणायला आत गेला. तिकडच्या उन्हात तापलेल्या गाडीत कुणी मालकाला बसवत नाही. तो तिला हात धरून बाहेर घेऊन आला. तिची पिशवी पुढच्या सीटवर ठेवून त्यानं दार लावलं, आणि गाडी आपोआप मागे धावली. म्हातारी गाडीच्या मागून चालली होती. ती फाटकाचा खांब आणि गाडी यांच्यामध्ये सापडली. कमरेचं हाड मोडलं होतं, आतून रक्तस्राव चालू होता. इस्पितळातून नक्की काही सांगत नव्हते. ती गेली असती तर या माणसाला तुरुंग होता आणि वाचली असती तरी व्हिसा रद्द.

त्याचा जबाब एका ओळीचा होता.

"माझी चूक झाली साहेब. गाडी मीच रिव्हर्समधी सोडली."

"आणि मग आत गेलास?"

"होय."

"किती वेळ लागला आत?"

"हज्जियाला चालवत नाय. सावकाश आणली तिला." घरातले सगळे त्या म्हातारीला हज्जिया म्हणत. हजला जाऊन आलेल्या बाईला तिकडे असंच म्हणतात.

माझा एक अनुभव सांगतो. जो खरोखर चुकलेला असतो, तो आधी सबबी सांगतो. ऊन होतं, फोन वाजला, मालकानं घाई केली. याच्याकडे एकही सबब नव्हती. पाठ केल्यासारखं तो तेच तेच म्हणत होता. दुसरं म्हणजे, सुरू असलेली गाडी रिव्हर्समध्ये सोडली, तर ब्रेकवरचा पाय काढताक्षणी ती चालू लागते. माणूस आत जाऊन म्हातारीला घेऊन बाहेर येईपर्यंत ती शहाण्यासारखी उभी राहत नाही. हे मी आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "आरोपी कबूल करतोय, तू कशाला त्याचा वकील होतोस?" तरी त्यांनी गाडी ताब्यात ठेवायला परवानगी दिली. माणूस तोंडाचा तिखट होता, पण न्यायाचा पक्का.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणारा मराठी होता. "साहेब, त्याला काय विचारताव? गाडीला विचारा. चाकामागं काय असायचं ता बघा." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मी कोठडीत जाऊन त्याला विचारलं, चाकामागे काय असायचं? त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "काय नाय. माझी चूक झाली."

मग मी जनाबियात गेलो. कंपाउंडच्या भिंती, फाटकं, बाहेर ओळीनं उभ्या गाड्या. पोलिसाच्या नोकरीत चालण्यासारखा दुसरा उपाय नाही, म्हणून जीप कोपऱ्यावर सोडली आणि गल्ल्यांमधून पायी फिरलो. घामानं शर्ट अंगाला चिकटला तेव्हा ती गोष्ट नजरेत भरली. जपानी गाड्या नुसत्या उभ्या होत्या. जर्मनही नुसत्या उभ्या होत्या. पण एका ठरावीक अमेरिकन कंपनीची गाडी दिसली, की तिच्या मागच्या चाकाला काहीतरी टेकू असायचा. कुठे वीट, कुठे दगड, एका ठिकाणी तर लाकडाचा ओंडका. व्यापाऱ्याची गाडीही त्याच कंपनीची होती.

एका घरासमोर एक ड्रायव्हर गाडी थंड करायला लावून वाकून वीट सरकवत होता. मी मराठीत हाक मारली तसा तो दचकला. दापोलीकडचा निघाला. बोलायला लागल्यावर फोनवरचा आवाज ओळखू आला, पण मी तसं काही म्हणालो नाही. बिचारा आधीच घाबरला होता.

"ही गाडी अशी हाय साहेब," तो म्हणाला. "गिअरचा दांडा पीवर, म्हंजे पार्किंगवर, नेला तरी कधीकधी आत बसत नाय, मधीच ऱ्हातो. आपल्याला वाटतं बसला. मंग एसीचा धक्का लागला, नायतर दार जोरात लावलं, की जाते मागं. आमा सगळ्यांना ठावं हाय."

"मग मालकाला सांगत का नाही?"

तो हसला. "एकानं सांगितलान. अरबाब म्हणाला, चाळीस वर्षं आमच्या घरात ह्याच कंपनीची गाडी हाय, तुला चालवता येत नाय. खलास! व्हिसा कॅन्सल."

अरबाब म्हणजे मालक. मी मग मालकांकडे वळलो. त्या गाडीबद्दल कुणाची तक्रार आहे का, एवढंच विचारत फिरलो. सगळे गाडीवर खूश होते. एकानं सांगितलं, गाडी उत्तम आहे, फक्त आधीचा ड्रायव्हर बेफिकीर होता, त्यानं ती भिंतीवर घातली, त्याला घरी पाठवला. दुसऱ्याच्या ड्रायव्हरनं शेजाऱ्याचं फाटक मोडलं होतं. तोही घरी गेला होता. असे आणखीही निघाले. मला काय ऐकायला मिळतंय, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. त्या गाड्या विकणाऱ्या दुकानदाराच्या वर्कशॉपमध्ये गेलो तर फोरमन छाती फुगवून म्हणाला, "या मॉडेलची मागे जाण्याची एकही तक्रार आमच्याकडे नाही." तो खोटं बोलत नव्हता. तक्रारी विमानात बसून मुंबईला गेल्या होत्या.

जुफैरला नाविक तळाजवळ राहणारा एक अमेरिकन माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडेही तीच गाडी होती आणि तो तिला मनापासून शिव्या द्यायचा. मी विचारलं, तुमच्या देशात लोक गप्प बसतात का? तो म्हणाला, "गप्प? अरे, आमच्याकडे या गाडीचे मालक भेटले की दुसरं बोलतच नाहीत. कंपनीला पत्रं लिहून थकले. कंपनी म्हणते, तुमचाच गिअर नीट पडला नसेल." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्याकडे मालक स्वतः गाडी चालवतो ना. दोष कुणाच्या डोक्यावर ढकलणार?"

म्हाताऱ्या बाईचा मुलगा, म्हणजे तो व्यापारी, जबाबाला आला तेव्हा मी त्याला गाडीबद्दल बोलतं केलं. बोलताना त्याचा चेहरा उजळला. शेतीचे पंप करणाऱ्या एका कारखान्यातून ती कंपनी कशी निघाली, पहिली गाडी कशी घोड्यांपेक्षा हळू चालायची, युद्धानंतर पंखांसारख्या मागच्या बाजूंच्या गाड्या कशा आल्या, सगळं त्याला पाठ होतं. त्याच्या वडिलांनी बोटीतून उतरवून घेतलेली गाडी बघायला नईम मोहल्ल्यातली माणसं गोळा झाली होती म्हणे. वाळवंटात एसी चालवून दाखवला तो याच कंपनीनं. "जपानी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा," तो म्हणाला. आपल्या मोठ्या भावाची बाजू घ्यावी तसा तो त्या कंपनीची बाजू घेत होता.

"मागच्या चाकाला वीट कशाला लावायचे?" मी सहज विचारलं.

तो संकोचला. "ती तुमच्या लोकांची पूजा ना? गाडी नवीन आणली त्या दिवशी त्यानं चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला रिवाज आहे. पुढे वीट दिसायला लागली. तीही रिवाज म्हणाला. दुसऱ्याच्या धर्मात आपण कशाला बोलायचं? मी कधी हटकलं नाही."

तो माणूस खरोखर भला होता आणि त्याच्या त्या भलेपणानंच घात केला होता.

आमच्या वाहन तपासनिसानं ठाण्याच्या आवारात गाडी लावली. दांडा पीच्या खुणेवर आणला, पण पुरता आत ढकलला नाही. बघणाऱ्याला गाडी पार्किंगमध्येच वाटत होती. इंजिन चालू, एसी चालू. आम्ही सगळे बाजूला उभे राहिलो. काही झालं नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. मग तपासनिसानं बाहेरूनच दार आपटलं, आणि ती अवाढव्य गाडी झटक्यानं मागे निघाली. आम्ही रचून ठेवलेल्या वाळूच्या पोत्यांत ती घुसली तेव्हा साहेबांच्या तोंडून "या अल्ला!" निघालं. मग त्यांनी कागद पुढे ओढून लिहायला घेतलं.

तरी एक गोष्ट सुटत नव्हती. त्या दिवशी वीट कुठे होती? पंचनाम्यात ती भिंतीकडेला, नळाजवळ लिहिलेली होती.

हज्जिया शुद्धीवर आली. डॉक्टरांनी थोडं बोलू दिलं. तिनं पहिला प्रश्न केला तो ड्रायव्हरचा. "त्याला जेवायला देता का? तो मासे लागतात म्हणतो." मी विटेचं विचारलं तशी ती म्हणाली, "मीच उचलायला सांगितली. संध्याकाळी नातीला मागणी घालायला पाहुणे येणार होते. फार धार्मिक माणसं. दारात पूजेची वीट बघून काय म्हणाली असती? मी त्याला म्हटलं, बेटा, आजच्यापुरती काढ, उद्या पुन्हा तुझा देव ठेव. त्यानं माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता. मग मुकाट्यानं उचलली."

मी ठाण्यात परतलो आणि त्याच्यासमोर बसलो. हज्जिया वाचली, हे आधी सांगितलं. मग ती काय म्हणाली ते सांगितलं. तो ढसाढसा रडला. इतके दिवस तो डोळ्यांतून टिपूस न काढता बसला होता.

"गाडी बिघडलीय म्हटलं असतं तर नोकरी जायाची," तो म्हणाला. "म्हणून रिवाज म्हणून सांगितलं. खोटं बोललो साहेब. त्या खोट्यापायी हज्जियानं वीट काढायला लावलान. मंग चूक कुणाची? ती मरायला टेकलेली, आन मी सांगू का तिनंच काढायला लावली म्हणून?"

त्याचा जबाब मी नव्यानं लिहून घेतला आणि सवयीप्रमाणे मराठीत वाचून दाखवला. या वेळी तो मन लावून ऐकत होता. एका ठिकाणी त्यानं मला थांबवून दुरुस्तीही सांगितली.

सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. दुकानदाराकडे आमचा अहवाल गेला. त्यांनी कंपनीला कळवलं आणि कंपनीकडून आल्या त्या चिकटवायच्या चिठ्ठ्या. इंजिन बंद केल्याशिवाय गाडीतून उतरू नये, असं त्यांवर इंग्रजीत छापलं होतं. ऑगस्टच्या उन्हात इंजिन बंद करून हज्जियाला आणायला जाणारा ड्रायव्हर मला कुणी दाखवावा. जे आधीच घरी पाठवले गेले, ते परत आले नाहीत. त्यांच्या गावात ते बेफिकीर ड्रायव्हर म्हणूनच राहिले असतील, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या प्रकरणानं मला एक सवय लावली. कुणी म्हणालं, "आमच्याकडे तक्रार नाही," की मी विचारायचो, तक्रार करणारा माणूस आता कुठे आहे? नोकरी संपेपर्यंत हा प्रश्न माझ्या फार उपयोगी पडला. भीतीपोटी सांगितलेलं लहानसं खोटं कुठवर जातं, हेही तेव्हा कळलं. ते ऐकणारा चांगला माणूस असेल, तर ते जास्तच लांब जातं.

थंडी सुरू झाल्यावर जप्त केलेली काही कागदपत्रं परत द्यायला मी त्या घरी गेलो. गाडी फाटकात उभी होती. व्यापाऱ्यानं ती विकली नव्हती, विकणारही नव्हता. ड्रायव्हरही तोच होता. त्या दिवशी नातीच्या होणाऱ्या सासरचे लोक आले होते. सोयरीक मोडली नव्हती. हज्जिया काठी टेकत त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आली. गाडीजवळ थांबून तिनं काठीच्या टोकानं मागच्या चाकाची वीट ठोकून बघितली, नीट बसली आहे ना याची खात्री केली.

पाहुण्यांपैकी एका दाढीवाल्या गृहस्थानं विचारलं, "हज्जिया, हे काय?"

ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. हज्जियानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ सांगितलं, "हा आमच्या घरचा रिवाज आहे."