लाल गाडीतला काथ्या

लाल, बसकी, पिक्चरमध्ये असते तशी एखादी गाडी रस्त्याने गेली की लोक मोबाईल काढतात. मी मात्र रस्त्याच्या कडेला बघतो, कोणी पडलं तर नाही ना. ही खोड मला एका केसने लावली. निवृत्त झालो, खाकी कपाटात गेली, तरी ती केस काही मनातून जात नाही. नावं कोणाचीच देणार नाही. जे गेले त्यांच्या घरच्यांना शांतता हवी, आणि जे सुटले त्यांनाही.

मी तेव्हा शिवडीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बंदराकडे जाणारा आमचा रस्ता एरवी ट्रेलरांनी गच्च भरलेला, रविवारी सकाळी मात्र मोकळं मैदान. त्याच रस्त्यावर एका रविवारी भायखळ्याचे एक वयस्क, कमरेत वाकलेले ख्रिस्ती गृहस्थ गाडीखाली आले. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की हे गृहस्थ फुलं घेऊन बायकोच्या कबरीवर जायचे. बारा महिने हातात छत्री. ठोकणारी गाडी पळून गेली. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस काढून ते गेले.

साक्षीदारांना तोटा नव्हता. चहाच्या टपरीवर चांगली गर्दी होती. सगळ्यांनी एकच सांगितलं, अमुक गाजलेल्या पिक्चरमधल्या हिरोची लाल गाडी. एक जण तर म्हणाला, "साहेब, शंभर टक्के तीच. फक्त हिरो नव्हता."

"मग चालवत कोण होतं?"

"तिकडे कोण बघतंय साहेब!"

नंबर मात्र प्रत्येकाने धडाधड सांगितला. मी खूश झालो. आमचा हवालदार खालमानेने हसला. "साहेब, हा पिक्चरमधला नंबर आहे. माझा मुलगा झोपेतसुद्धा बोलतो." तपासलं तर तो नंबर लांबच्या कुठल्याशा जिल्ह्यातल्या स्कूटरचा निघाला. माणूस डोळ्यांनी बघतो कमी आणि आधी बघितलेलं आठवतो जास्त, हे आमच्या खात्यात कोणीही सांगेल. पण एवढे लोक एकदम? मी कपाळावर हात मारला.

मग खबर आली. भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये रंगकाम करणारा आमचा खबऱ्या होता. त्याने फोन केला, की दादरच्या एका टॉवरमधली तशीच लाल गाडी पुढच्या कोपऱ्यावर घासली म्हणून रंगाला आली होती आणि घाईघाईने रंगवून घेतली. गाडी अस्सल, परदेशी, कोट्यवधींची. मालक बिल्डर. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्या पिक्चरचं भयंकर वेड, गाडीला पिक्चरचा नंबर लावून काढलेला त्याचा फोटोही मोबाईलवर फिरत होता. रंग दिल्यामुळे ओरखडा कसला होता ते कळायची सोय उरली नव्हती.

आम्ही टॉवरवर गेलो. मुलाला बोलवा म्हणायच्या आत त्यांचा ड्रायव्हर पुढे झाला. पन्नाशी उलटलेला, मूळचा कुडाळकडचा, परळच्या चाळीत राहणारा. म्हणाला, "साहेबानू, गाडी मी चालवी होतंय. माझ्याकडसून झाला."

ठाण्यात आणलं, बाकावर बसवलं, चहा मागवला. चहा यायच्या आत त्याने पुन्हा सगळं कबूल केलं. गुन्हा सदोष मनुष्यवधाचा नोंदवला होता, कोर्टाने पोलीस कोठडी दिली. त्याच्या घरच्यांना आमचा निरोप पोचायच्या आधी मालकाचा वकील ठाण्यात हजर झाला, हे मला खटकलं. वकील आरोपीला सोडवायला कमी आणि तो काय बोलतो ते ऐकायलाच जास्त आलेला वाटला.

मी रोज त्याच्यासमोर बसायचो. तो सांगायचा ते सगळं पेपरात छापून आलेलं होतं. त्यापलीकडे विचारलं की गप्प. म्हाताऱ्याच्या हातात काय होतं, विचारलं तर म्हणाला, "काय नाय, रिकामे हात." छत्रीबद्दल पेपरात काही आलं नव्हतं. आणि आणखी एक. ज्याच्या हातून माणूस मेला तो पोलिसाला मेलेल्याबद्दल विचारतो, कितीही निर्ढावलेला असो. हा विचारायचा, "बाबूक बोलवलात नाय मां? तेची परीक्षा आसा." बाबू म्हणजे बिल्डरचा मुलगा. त्या मुलाला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं ते ह्यानेच, आणि गाडी शिकवली तीही ह्यानेच.

माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्याच्या समजुतीप्रमाणे मुलाने माणूस मारला होता आणि हा स्वतःहून फासात मान देत होता. वरून फोन यायचे, "कबुली आहे, गाडी आहे, माणूस आहे. आता कसली वाट बघताय?" पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण हा मनुष्य कोर्टातही तेच बोलला असता. मग वर्षानुवर्षं आत. मुलाला बोलावलं तर वकिलाने सांगितलं की तो सकाळभर घरात झोपला होता. मुलाने मान हलवली. बापासमोर बसून तो दुसरं काय करणार होता?

त्याच सुमारास गेलेल्या गृहस्थांची मुलगी ठाण्यात आली. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत वडिलांची छत्री होती. ती घरी उघडली तेव्हा काड्यांमध्ये अडकलेला एक तुकडा खाली पडला. "डॅडींच्या छत्रीत हे कुठून आलं, अंकल?" तिने रुमालातून तो टेबलावर ठेवला. एका बाजूने चकचकीत लाल, दुसऱ्या बाजूने पिवळट, खरखरीत. पंच बोलावून तुकडा जप्त केला, प्रयोगशाळेकडे पाठवायची तयारी केली. सील करण्याआधी मी तो उजेडात धरला. तुटलेल्या कडेतून तपकिरी केस बाहेर आले होते. मी नीट बघितलं. काथ्या होता.

मी लालबागचा. आमच्या चाळीच्या मागेच गणपतीचा कारखाना होता. प्लास्टरमध्ये काथ्या घालतात, म्हणजे मूर्तीचा हात, सोंड तडकत नाही. लहानपणी आम्ही तो काथ्या मिशा म्हणून ओठावर लावायचो. परदेशी कारखान्यातली कोट्यवधींची गाडी, आणि तिच्या अंगात नारळाचा काथ्या! दुसरा कोणी हसला असता. मला हसू आलं नाही, कारण कोठडीतला माणूस निर्दोष आहे हे आता मला पक्कं ठाऊक झालं होतं, आणि ते सिद्ध करायला हातात होता नखाएवढा तुकडा.

म्हणजे गाडी नकली होती. जुन्या गाडीच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवून पिक्चरमधल्या गाड्या बनवणारे लोक असतात. शूटिंगला देतात, हल्ली वरातीलाही देतात. पण ही बनवणारा हात मूर्तिकाराचा होता.

गणपतीला दोनेक महिने होते, कारखाने जोरात चालू. मी आणि हवालदार साध्या कपड्यांत, मंडळाची मूर्ती ठरवायला आलोय असं सांगून लालबाग-परळ फिरू लागलो. रंगाला आलेल्या मूर्तींजवळ चपला घालून कोणी जात नाही. आम्हीही प्रत्येक ठिकाणी चपला बाहेर काढायचो. एके दिवशी एकच कारखाना बघून झाला. मूर्तिकार चाळिशीचा, नम्र, हात कामाने फाटलेले. मागच्या बाजूला एक भली मोठी अर्धवट मूर्ती आडवी लावलेली, तोंडावर कापड. मी सहज विचारलं, फायबरचं काही करता का? "नाही साहेब, आपलं शाडू आणि प्लास्टर. वडिलांपासून तेच." कपात चहा दिला. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी हवालदार पाय आपटतच आला. "साहेब, तळपाय खाजवून खाजवून हैराण झालो. बायको विचारते, कुठे जाऊन आलात? म्हटलं, गणपतीला. तिला काही पटलं नाही."

माझेही तळवे आदल्या संध्याकाळपासून चुरचुरत होते. शाडूने पाय खाजत नाहीत, प्लास्टरनेही नाहीत. फायबर घासलं की त्याची बारीक पूड अंगात टोचते, आणि ती धुतली तरी लवकर जात नाही. मी म्हटलं, "चला. आता पंच घेऊन."

त्या मोठ्या मूर्तीला हात लावायला माझी माणसं तयार होईनात. हवालदाराने आधी हात जोडले, "बाप्पा, नाइलाज आहे," मग सरकवली. मागे प्लास्टिकखाली लाल गाडी उभी होती, पाटीवर पिक्चरमधलाच नंबर. पुढचा एक कोपरा नव्याने भरलेला, अजून रंग न दिलेला. खाली इंजिन एका जुन्या छोट्या गाडीचं. आम्ही तो कोपरा फोडला, तर आत काथ्या. मूर्तिकार जमिनीवर बसला आणि त्याने डोक्याला हात लावला.

"फायबरला काथ्या लागत नाही साहेब," तो म्हणाला. "माहितीय मला. पण हात ऐकत नाही. कोपरा आला की हात काथ्याकडे जातो."

संध्याकाळच्या वरातीला गाडी द्यायची होती, म्हणून सकाळी मोकळ्या रस्त्यावर तो चालवून बघत होता. मी विचारलं, दिवसाउजेडी एवढा माणूस दिसला नाही? त्याने गाडीच्या काचेकडे बोट केलं.

"आमचं काम समोरून बघायचं असतं साहेब. मूर्ती समोरून कशी दिसते, तेवढंच आम्ही बघतो. गाडीही तशीच केली. काच पिक्चरसारखी तिरकी, सीट खाली. समोरून अगदी हुबेहूब. आत बसल्यावर बाहेरचं काय दिसतं, ते मी बघितलंच नव्हतं."

मी त्या गाडीत बसलो. समोर लाल बॉनेट आणि आभाळ. पुढे उभा असलेला हवालदार फक्त खांद्यापासून वर दिसत होता. माझी ह्याच्यावर चिडायची तयारी होती, पण ते बघून राग ओसरला. मग आठवलं, आणि चिडलो. "ठोकलंस ते ठोकलंस. पळालास का?"

"उतरलो होतो साहेब. टपरीवरचे लोक धावत आले. वाटलं, आता मारणार. तर ते गाडीचे फोटो काढायला लागले. त्या बाबांकडे कोणी बघेना. मीही नाही बघितलं. परत बसलो नि निघालो."

फोटोंबद्दल टपरीवरचं कोणी तोवर एक अक्षर बोललं नव्हतं. त्यांचे मोबाईल मागवले. खरंच, एका फोटोत अख्खी लाल गाडी होती आणि कोपऱ्यात एक काळी छत्री. ज्याने काढला होता तो म्हणाला, "साहेब, छत्री मी आत्ता बघतोय." त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं. दिली नाही.

आता बिल्डरच्या मुलाला एकट्याला बसवलं. तुझी गाडी निर्दोष सुटली, असं सांगितल्यावर तो घडाघडा बोलला. त्या सकाळी गाडी त्यानेच काढली होती, पण टॉवरच्या पार्किंगमधून बाहेरही पडली नव्हती. खांबाला घासली, तो घाबरून वर जाऊन झोपला.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? तुझे ड्रायव्हरकाका कोठडीत आहेत."

"पप्पा ओरडले असते."

कोर्टात अहवाल देऊन ड्रायव्हरच्या सुटकेचा आदेश घेतला. ठाण्यात त्याचा पट्टा, मोबाईल, पाकीट परत देऊन सही घेतली आणि त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याचा विश्वासच बसेना.

"म्हणजे बाबून नाय केल्यान?"

"नाही."

त्याने देवाचं नाव घेतलं, हसला आणि लहान मुलासारखा रडला. "माझ्या खांद्यार झोपा तो, साहेबानू. माका ठावक होता, तो असो नाय." मी पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिता पिता तो थांबला. "मग गाडयेक खरप कसो इलो?"

"पार्किंगच्या खांबाला घासली. त्यानेच."

त्याने ग्लास खाली ठेवला. "म्हणजे तेका म्हायत होता, आपण कोणाक मारूक नाय ता."

"हो."

"आणि मी हंय आसय, ता पण."

मी त्याला दारापर्यंत सोडायला उठलो. बाहेर मालकाने पाठवलेली पांढरी गाडी उभी होती. नव्या ड्रायव्हरने दार उघडलं, "काका, बसा." ह्याने दाराकडे बघितलं, मला म्हणाला, "येतंय साहेबानू," आणि परळच्या दिशेने चालत निघाला.

मूर्तिकारावर खटला चालला, त्याला शिक्षा झाली. गृहस्थांच्या मुलीला मी तो फोटो कधी दाखवला नाही. कोर्टात फोटो पुढे आला तेव्हा ती बाहेर जाऊन उभी राहिली. खोटी कबुली भीतीने देतात, लालचेने देतात, मारानेही देतात, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. मायेने देतात हे मी त्या कोठडीत शिकलो, आणि तशी कबुली फोडणं सगळ्यात अवघड. कारण ती देणाऱ्याला सुटायचंच नसतं. त्यानंतर समोरचा माणूस स्वतःवर आळ घेऊ लागला की मी आधी विचारायचो, तुम्ही ह्यात कोणाला झाकताय?

निवृत्तीनंतर एकदा परळला तो दिसला. शाळेची व्हॅन चालवत होता. मुलांना उतरवून प्रत्येकाच्या खांद्याला दप्तर लावत होता. माझ्याकडे आला, हात धरला, चहाचा आग्रह केला. मी विचारलं, "त्या घरचं कोणी भेटलं का नंतर?"

"बाबू एकदा चाळीसमोर इलो होतो," तो म्हणाला. "काच खाली केल्यान, हात केल्यान. माका वाटला, आता उतरतलो. उतराक नाय."

मग पुढच्या मुलांची वेळ झाली म्हणून तो व्हॅनकडे गेला.