शेजाऱ्यांच्या खरेदीवर आत्याचं विमान

क्रेडिट कार्डाच्या विरोधातलं पत्रक मी लिहिलं होतं. दोन हजार सहा-सातचा सुमार. मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आमच्या जयपूरच्या ग्राहक-हक्कवाल्या गटात हिंदी पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे असायचं, कारण बाकीचे लोक भाषणं करण्यात रंगायचे. पत्रकाचा मथळा होता, 'मुफ़्त का कार्ड, गले का पट्टा'. सीकर रोडवरच्या पेट्रोल पंपाजवळ टाय लावलेली मुलं टेबल मांडून कार्डं खपवायची. त्या टेबलापासून दोन हातांवर उभी राहून मी पत्रक वाटायचे. उन्हाचा दिवस होता. टेबलवाल्या मुलाने मला पाणी विचारलं. मी नाही म्हटलं. शत्रूचं पाणी पीत नाहीत, असं तेव्हा मला वाटायचं.

पंधरा दिवसांनी आत्या त्याच टेबलावर भरलेल्या फॉर्मचं कार्ड घेऊन घरी आली. तेही साधं नव्हतं. प्रत्येक खरेदीवर पॉइंट, आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं, तशी ती आधी नाशिकला माहेरी राहिली आणि आजी-आजोबा गेल्यावर आमच्याकडे जयपूरला, मुरलीपुऱ्यात आली. जवाहर नगरातल्या एका मुलींच्या हॉस्टेलवर ती दिवसपाळीची वॉर्डन होती. पगार बँकेत जमा व्हायचा, म्हणून तिला कार्ड मिळालं. नवरा तिला नांदवायलाही तयार नव्हता आणि सोडायलाही. घटस्फोटाचा दावा तिने नाशिकच्या कोर्टात लावला होता, जयपूरला येण्याआधीच, आणि तो तिथेच रखडला होता.

आता खरी गोष्ट. त्याआधीच्या जानेवारीत कोर्टाने तिच्या साक्षीची तारीख दिली. आमचं घर रेल्वेचं. बाबा, आई, मी आणि माझा भाऊ, चौघांची नावं बाबांच्या फुकट प्रवासाच्या पासावर. आत्याचं नाव नाही. विधवा बहिणीला नियमात जागा आहे, बिनलग्नाच्या बहिणीला आहे; नवऱ्याने टाकलेली बहीण मात्र कुणाला सुचलेलीच नाही. मला त्यावरही पत्रक काढायचं होतं. बाबा म्हणाले, "काढ. पण आधी मला रिटायर होऊ दे."

तर आत्या स्वतःचं तिकीट काढून निघाली. त्या आठवड्यात उत्तरेत असं धुकं होतं की समोरचा माणूस दिसेना. गाडी जयपूरहूनच सुटणारी, पण तिचे डबे जिथून यायचे तिथेच अडकले, आणि ती निघाली आठ तास उशिरा. मुंबईहून बस पकडून आत्या नाशिकला पोचली तेव्हा कोर्टाचा शिपाई कुलपं लावत होता. तिच्या वकिलांनी सांगितलं, समोरची बाजू म्हणते आहे की बाईंना दाव्यात रस नाही. परत तुम्ही नसलात तर दावा काढून टाकला जाईल. म्हणजे ती जन्मभर त्याचीच बायको.

लवकर निघायचं तर तिला रजा नव्हती. हॉस्टेलच्या मालकिणीचं म्हणणं, वॉर्डन दोन दिवसांपेक्षा जास्त गेली तर पोरी भिंतीवरून उड्या मारतात. रेल्वेने जाऊन-येऊन चार दिवस. विमानाने दोन. आत्याने हिशेब केला होता तो दिवसांचा.

हा हिशेब मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हता. मी माझं पत्रक तिच्यासमोर ठेवलं.

"वाचलंय," आत्या म्हणाली. "अक्षरं चांगली मोठी आहेत."

"आत्या, हा सापळा आहे. मतलब, सरळसरळ सापळा."

"उंदराला सापळा ठाऊक असला ना, की तो खोबरं तेवढं काढून घेतो."

"कुठल्या उंदराने घेतलंय आजवर?"

"तू उंदरांना कधी विचारलंस?"

आई भाकरी थापता थापता हसली. मी चिडले. पण कार्डाबरोबर आलेली पुस्तिका मी ओढून घेतली, कारण बारीक अक्षरातलं वाचायचं ही आमच्या गटाची शिकवण. आणि बारीक अक्षरात होतं ते असं: महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सगळे पैसे भरले तर व्याज शून्य. एक रुपया मागे ठेवला तर मात्र सोलून काढणार. कार्डाने रोख काढली तर पहिल्या दिवसापासून सोलणार. माझ्या पत्रकात यातलं दुसरं आणि तिसरं होतं. पहिलं मी लिहिलंच नव्हतं. मला ते तेव्हा ठाऊक होतं की नाही, हे आजही मी छातीठोक सांगू शकत नाही.

आत्याची अडचण वेगळी होती. तिने पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचलं होतं. वर्षाला दोन साड्या आणि चपलांचा एक जोड एवढ्यावर जयपूर-मुंबई तिकिटाचे पॉइंट जमायला साठ वर्षं लागली असती.

"माझा खर्चच नाही गं," ती म्हणाली. "पण गल्लीचा आहे."

आमच्या गल्लीत कुणालाही काही घ्यायचं झालं की आत्याला बरोबर न्यायची पद्धत होती. फ्रिज घ्यायचा तर ती त्याचं दार दहादा उघडून-मिटून बघायची. सुटकेस घ्यायची तर दुकानदारासमोर तिच्यावर बसायची. तिने आता एवढंच ठरवलं: खरेदी करणाऱ्याने रोख तिच्या हातात द्यायची, दुकानात कार्ड ती देणार, आणि ती रोख दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवरच्या जेवणाच्या सुट्टीत बँकेत. रोख हातात आल्याशिवाय कार्ड पर्समधून निघणार नाही. उधारी कुणालाच नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. बाबांनी एकदा "पगार झाल्यावर देतो" म्हणून बघितलं. त्यांना मिक्सर दोन आठवडे उशिरा मिळाला.

पहिलं मोठं गिऱ्हाईक शेजारचे गार्डसाहेब, मालगाडीवरचे. त्यांच्या बायकोला फ्रिज हवा होता. आदर्श नगरच्या दुकानात दार उघडून-मिटून झालं, रंग ठरला, आत्याने कार्ड काढलं, आणि दुकानदार म्हणाला, "बहनजी, कार्ड पे दो परसेंट ऊपर लगेगा."

दोन टक्के गेले की पॉइंटांचा सगळा फायदा तिथेच संपला. आत्याने भांडण केलं नाही. दुकानाच्या फोनवरून तिने मला बोलावून घेतलं.

मी जाऊन उभी राहिले. मशीन देताना बँकेने दुकानदाराशी जो करार केलेला असतो, त्यात गिऱ्हाइकाकडून असे वरचे पैसे घ्यायला मनाई असते. हे मला ठाऊक होतं, कारण त्यावर आम्ही पत्रक काढलं होतं, आणि ते कुणी वाचलं नव्हतं.

"ठीक है भैया," मी म्हटलं. "दो परसेंट बिल पर अलग से लिख दीजिए. कार्ड का चार्ज करके."

"लिखने का क्या है इसमें? सब लेते हैं."

"सब लेते हैं तो लिखने में क्या है?"

त्याने पेन उचललं. खाली ठेवलं. "आप वकील हैं?"

"नहीं. पर्चे लिखती हूँ."

"कैसे पर्चे?"

"कल आपकी दुकान के सामने बँटेंगे. पढ़ लीजिएगा."

फ्रिज छापील किमतीला आला. वर गार्डसाहेबांच्या बायकोने बर्फाचे दोन जादा साचे मागून घेतले. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "तुझा काही उपयोग होतो, हे दादाला सांगायला हवं."

त्या वर्षात मी किती दुकानांत "लिख दीजिए" म्हटलं त्याची मोजदाद नाही. शाळेचे बूट, लग्नाच्या सुटकेसा, एक टीव्ही, दोन कुलर, कुणाच्या तरी जावयाचा सूट. ज्या ज्या दुकानात मशीन होतं तिथे आम्ही दोघी. गटातले एक वडीलधारे भाईसाहेब मला भर सभेत म्हणाले, "सुना है आजकल आप कार्डवालों की तरफ़ से घूम रही हैं." मला राग आला, आणि राग आला की मी लिहिते. मी नवं पत्रक लिहिलं. त्यात सापळा सांगितला आणि खोबरंही सांगितलं: सगळे पैसे तारखेच्या आत भरा, रोख कधीच काढू नका, दोन टक्के मागणाऱ्याला लिहून मागा, पॉइंट कुठल्या दिवशी मुदतबाह्य होतात ते बघून ठेवा, आणि तिकीट कार्डावर काढलंत तर त्याबरोबर प्रवासाचा विमाही मिळतो, तो विचारून घ्या. शेवटी मी हेही लिहिलं की हे सगळं फक्त पगाराची चिठ्ठी असलेल्यांना मिळतं. गार्डसाहेबांच्या बायकोने सबंध घर चालवलं, पण तिला कुणी कार्ड देणार नाही. तिच्या फ्रिजचे पॉइंट माझ्या आत्याला मिळाले, कारण तिने ते राजीखुशीने दिले. भाईसाहेबांनी पत्रक वाचलं आणि म्हणाले, "लंबा है." छापलं मात्र.

डिसेंबरात पॉइंट पुरे झाले. साक्षीची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. आत्याने कार्डाच्या नंबरावर फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली की पॉइंटांवरच्या जागा थोड्याच असतात. तारखेच्या दिवशीची सकाळ भरली आहे. आदल्या दिवशी दुपारी एक आहे. येतानाची तारखेच्या रात्रीची आहे.

"दे," आत्या म्हणाली. मराठीतच म्हणाली.

मग कळलं की तिकीट पॉइंटांवर, पण कर आणि इंधनाचा आकार वेगळा भरायचा. माझं डोकं फिरलं. टेबलावरच्या मुलाने 'मुफ़्त' म्हटलं होतं, माझ्यासमोर म्हटलं होतं. मी फोन मागितला.

आत्याने तो दिला नाही. "भांडण नंतर," ती म्हणाली. "आधी तारीख."

तिने ते पैसे स्वतःच्या पगारातून भरले. सगळं तिकीट विकत घेतलं असतं तर तिचा जवळजवळ महिन्याचा पगार गेला असता. हे फार तर आठवड्याभराचं होतं. माझा राग तरीही गेला नाही. फुकट नाही त्याला फुकट म्हणू नये. पण स्वस्त आहे त्याला स्वस्त म्हणायला काय हरकत आहे, हे मला त्या दिवशी पटलं.

सांगानेरच्या विमानतळावर आम्ही सगळे सोडायला गेलो. बाबांनी सवयीने सगळ्यांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढावीत तशी आत जायची तिकिटं काढली. आत्याने सामान बांधायची साखळी आणि कुलूप घेतलं होतं, सीटच्या पायाला बॅग बांधायला. तपासणीवरच्या शिपायाने साखळी बाहेर काढून उंच धरली. "ये किसलिए, माताजी?"

"बैग के लिए. रतलाम में चोरियाँ होती हैं."

"जहाज़ रतलाम में नहीं रुकता."

"मालूम है," आत्या म्हणाली, पण तिचा चेहरा सांगत होता की विमानात साखळी लागते का हे विचारायचं ती विसरली होती. साखळी बाबांकडे परत आली. ते ती गळ्यात मफलरसारखी घालून काचेशी उभे राहिले. विमान उडालं तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं लेट," ते म्हणाले, आणि मला ते बऱ्याच दिवसांत एवढे समाधानी दिसले नव्हते.

त्या आठवड्यातही धुकं होतं. बाबांच्या ऑफिसातून कळलं की मुंबईची गाडी त्या दिवशी दहा तास उशिरा निघाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कोर्टासमोरच्या बूथवरून आत्याचा फोन आला. मीच उचलला.

"झाली?"

"ऐक तर. शपथ झाली. आमच्या वकिलांनी विचारलं ते सगळं सांगितलं. मग त्याचा वकील उठला. म्हणे, बाई, तुम्ही विमानाने आलात हे खरं का? म्हटलं, खरं. म्हणे, म्हणजे तुमचं छान चाललंय. तुम्हाला काही त्रास आहे असं दिसत नाही."

मी तिथे असते तर कोर्टात मथळे दिले असते. "मग?"

"मग मी सांगितलं, शेजारणीने फ्रिज घेतला, त्यावर आले. जज्जबाई म्हणाल्या, नीट सांगा. म्हणून कार्ड काढून नीट सांगितलं. पॉइंट कसे पडतात, रोख आधी का घ्यायची, सगळं. त्यांनी विचारलं, वर्षाची फी किती पडते. त्याचा वकील बसला खाली."

"आणि साक्ष?"

"ती लिहून घेतली. मी घर सोडलं नाही, मला बाहेर ठेवून आतून कडी लावली, हे माझ्याच शब्दांत लिहिलंय. मला वाचून दाखवलं. प्रत्येक पानावर सही केली." मागे कुणीतरी तिला बूथ सोडायला सांगत होतं. "आता मला यावं लागणार नाही. आता पुढच्या तारखेला त्याला उभं राहायचंय, आणि तो नाही आला तर कोर्ट त्याच्यावाचून निकाल देईल. ठेवते हां. बस पकडायची आहे, रात्रीचं विमान आहे, आणि सकाळी सातला हॉस्टेलचं गेट मला उघडायचंय."