मार खायची तालीम

मला मार खाता येत नाही, हे मला चाळिशीत कळलं.

तोवर मी फक्त मार चुकवायला शिकलो होतो. पिशोरच्या तालमीत कुस्ती, शहरात आल्यावर कराटे, तिथल्या सरांशी बिनसल्यावर ज्युदो, ज्युदोत खांदा निखळल्यावर कुंग-फू. सगळ्यांचं सांगणं एकच : समोरून हात आला की आपला हात आधी वर! हे अंगात इतकं मुरलं की लग्नात बायको हार घालायला आली, तेव्हा मी तोही अडवला. (फोटो आहे.)

माझे वडील, नाना, यांना या सगळ्याचा मनापासून तिटकारा. त्यांनी जन्मभर कचेरीत आवक-जावक बघितली. हाताखाली कधी एक शिपाईसुद्धा मिळाला नाही. पोरानं निदान टायपिंग शिकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यावरून त्यांनी लहानपणी एकदाच माझ्यावर हात उगारला आणि मी तो शास्त्रशुद्ध अडवला. नानांचं मनगट सुजलं. पुन्हा त्यांनी हात उगारला नाही, पण माझा विषय निघाला की ते मनगट चोळायचे.

पुढं मी स्टंटच्या कामात शिरलो. इकडं शूटिंग आलं की दुसऱ्यांच्या बदली गच्चीवरून उड्या मारायच्या. पडद्यावर दिसायची ती माझी पाठ. यंदा मात्र एका वेब सिरीजमध्ये माझं तोंड दिसणार होतं! हिरो गुंडाच्या कानाखाली लावतो, तो गुंड मी. पैठण रोडवर शूटिंग सुरू झालं, हिरोचा हात आला, माझा वर गेला, आणि हिरो मनगट धरून खाली बसला.

फाइट मास्टर शहागंजचे. शांतपणे म्हणाले, "मियाँ, तेरेकू मार खाना है, हिरोकू नक्को खिला. कल हात उठा तो मैं दुसरा आदमी देखता."

पुंडलिकनगरात घरी आलो तो रडकुंडीला येऊन. आयुष्यात पहिल्यांदा तोंड दिसायची वेळ आली आणि माझाच हात आडवा आला होता. उपाय एकच : रात्रीच्या जेवणाआधी सराव. मारणार कोण, असं विचारायची खोटी, नाना पेपर बाजूला ठेवून उठले. त्यांना इतक्या चपळाईने उठताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी समजावलं, की हात गालापासून वीतभर लांबून न्यायचा आणि मान मी झटकायची.

"म्हंजी लबाडीच की," नाना म्हणाले.

पण तयार झाले. त्यांनी हात फिरवला की माझा वर. पुन्हा फिरवला, पुन्हा वर. शेवटी बायकोने वैतागून तिच्या ओढणीने माझे हात पाठीमागे बांधले. नेमक्या शेजारच्या काकू विरजण मागायला दारात आल्या. बांधलेला मी, हात उगारलेले नाना आणि शेजारी पोळपाटावर पोळी लाटणारी बायको!

"अगं बाई, काय केलं त्यानं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही हो, उद्या परीक्षा आहे त्यांची," बायको म्हणाली.

कोण आलं ते बघायला नाना हात फिरवता फिरवता वळले आणि वीतभर अंतर संपलं. आवाज तर असा झाला, की काकू विरजण न घेताच गेल्या. नाना आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"लागलं का रे?" त्यांनी फार मायेने विचारलं.

ओढणी सोडली, पण त्यानंतर माझा हात काही वर आला नाही. सगळ्या उस्तादांनी शिकवलेलं नानांनी एका झटक्यात पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना डबा घेऊन माझ्याबरोबर सेटवर आले. हिरोच्या हाताला पट्टी. चेहरा त्याचा आणि हात दुसऱ्या कुणाचा घ्यायचा, असं ठरलं. पण हिरोची दशा बघून युनिटमधला एकही माणूस माझ्या जवळ यायला तयार होईना. मास्टर माझ्याकडे असे बघायला लागले, की मी घरी जायच्या तयारीलाच लागलो.

नानांनी डबा खाली ठेवला. "मी मारू का?"

त्यांना हिरोचा शर्ट चढवला, मनगटावरचे पांढरे केस काळे केले. नानांनी वीतभर अंतराची भानगडच ठेवली नाही. माझे हात खालीच राहिले आणि मास्टर खूश झाले. "लई दिवसांची बाकी होती," नाना मला म्हणाले. गाल पेटला होता. पण खरं सांगतो, त्यांचा तो खुललेला चेहरा बघून मला बरं वाटलं.

सिरीज आली. माझं तोंड पापणी लवेपर्यंत दिसतं, तेही वाकडं. नानांचा हात मात्र पडदाभर दिसतो, सावकाश, पुन्हा पुन्हा! अख्खी कॉलनी पेढे मागायला आली ती नानांकडे.

परवा कुणीतरी नानांना विचारलं, की मुलगा काय करतो सध्या.

नाना मनगट चोळत म्हणाले, "माझ्या हाताखाली असतो."