ठिपका, फुली आणि बाण

ऑफिसात माझ्या टेबलावर इतक्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असायच्या की साहेबांनी एकदा विचारलं, "मॅडम, या टेबलाचा मूळ रंग कुठला हो?" ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत मी कामांची आखणी बघते. कोणत्या साइटवर कोण जाणार, कुठलं ड्रॉइंग कधी द्यायचं, कोणाच्या मागे लागायचं, हे सगळं चिठ्ठ्यांवर, फोनमधल्या दोन-तीन अ‍ॅपमध्ये आणि उरलेलं डोक्यात. डोक्यातलं सगळ्यात आधी सांडायचं.

एके दिवशी एक चिठ्ठी पंख्याने उडून कपाटामागे गेली आणि एका इमारतीच्या स्लॅबची तपासणी राहिली. ठेकेदाराने फोनवर यथेच्छ बोलून घेतलं. त्याच संध्याकाळी स्टेशनकडे जाताना मी ठिपक्यांच्या पानांची एक जाड वही विकत घेतली.

ठिपक्यांच्या वहीत कामं मांडायचा बुलेट जर्नल हा प्रकार मला माहीत होता, म्हणजे त्याचे व्हिडिओ बघून झाले होते. त्यातल्या मुली प्रत्येक महिन्याच्या पानावर जलरंगात पानंफुलं काढतात, आठवड्याच्या चौकटी सजवतात, आणि कामं कधी करतात ते काही दाखवत नाहीत. मला फुलं काढायची नव्हती. मला कपाटामागच्या चिठ्ठ्या बंद करायच्या होत्या.

म्हणून अगदी साधी मांडणी केली. पहिल्या पानावर सवयीने वर मधोमध श्री लिहिलं. पुढची पानं अनुक्रमणिकेला सोडली, सगळ्या पानांना नंबर घातले. मग महिन्याचं पान. डावीकडे तारखा एकाखाली एक, त्यांच्यासमोर त्या दिवशीचं ठरलेलं, आणि शेजारच्या पानावर महिन्याभरात उरकायची कामं. त्यानंतर रोजचं पान, रोज सकाळी चहाबरोबर लिहायचं. काम असेल तर ठिपका. झालं की त्या ठिपक्यावर फुली. नाही झालं तर ठिपक्याचा बाण करायचा आणि काम पुढच्या पानावर पुन्हा हाताने लिहायचं. हे हाताने लिहिणं महत्त्वाचं. तेच काम परत परत लिहिण्याचा कंटाळा आला की आपोआप कळतं, ते करून तरी टाकायचं नाहीतर सोडून तरी द्यायचं.

महिन्याभरात टेबलाचा रंग दिसायला लागला. साहेबांना कौतुक वाटलं, मला तर फारच वाटलं. फुल्यांनी भरलेलं पान बघायला मी दुपारी उगाच वही उघडायचे.

एकच ओळ अशी होती की तिच्यावर फुली पडत नव्हती. 'बाबांची तारीख.' बाबांना डॉक्टरांनी बायपास सांगितली होती आणि फार लांबवू नका असंही बजावलं होतं. आई-बाबा डोंबिवलीजवळ कोपरला राहतात, मी ठाण्यात. दर शनिवारी जायचे आणि तारखेचं विचारायचे. आधी ते म्हणाले, गणपती होऊन जाऊ देत. मग म्हणाले, पितृपक्षात नको. मग दिवाळी तोंडावर आली. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न पुढे आलं, आणि आमच्या घरी तुळशीचं लग्न कधी कोणी लावलेलं मला आठवत नाही. मी समजले ते समजले. माणूस घाबरला होता, आणि घाबरलो म्हणायला तयार नव्हता. मला त्यांचा राग यायला लागला.

एका शनिवारी मी वही घेऊनच गेले. आई आत झोपली होती. तिला गेल्या वर्षापासून विसरायला होत होतं. भाजीत मीठ राहायचं, देवाजवळ दोनदा दिवा लागायचा. वयाप्रमाणे होतंय असं मी धरून चालले होते. मी आले की ती नीट बोलायची, चहा घेतलास का विचारायची.

मी बाबांपुढे वही उघडून ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पानं मागेपुढे करत सगळं वाचलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते निवृत्त होईपर्यंत शिफ्ट इन-चार्ज होते. लॉगबुक लिहिण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे वहीत त्यांना खराच रस वाटला.

"पद्धत चांगली आहे," ते म्हणाले. "पण राहिलेलं सगळं तू स्वतःलाच देतेस. आमच्याकडे राहिलेलं पुढच्या शिफ्टला द्यायचं असे."

"बाबा, विषय बदलू नका. तारीख सांगा."

"रिलीव्हर नाही."

हा शब्द घरात आम्हाला लहानपणापासून ठाऊक. रिअ‍ॅक्टर चालू असताना पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही तर आधीच्याने जागा सोडायची नाही, मग सलग दुसरी शिफ्ट झाली तरी चालेल. पुढचा माणूस आला तरी नुसता येऊन भागत नसे. काय चालू आहे, कशावर लक्ष ठेवायचं, हे सगळं समोरासमोर सांगून चार्ज द्यायचा आणि मगच गेटबाहेर पडायचं.

"आईसाठी म्हणताय ना? मग बाई ठेवू. नाहीतर मी येते राहायला, रजा टाकते."

"राहायला येणं वेगळं, चार्ज घेणं वेगळं."

"मग द्या चार्ज," मी म्हणाले. रागातच म्हणाले. कोरं पान काढलं आणि पेन उघडलं.

बाबा खुर्चीत सरळ बसले. आवाज बदलला, कंपनीतला झाला.

"लिही. आंघोळीला गेली की बाहेर उभं राहून बोलत राहायचं. आपण गप्प झालो की ती आत काय करत होती ते विसरते. जेवण झालं तरी ताट लगेच उचलायचं नाही, नाहीतर जेवलेच नाही म्हणते. दुपारी उठली की घरी जायचंय म्हणेल. हेच तुझं घर आहे असं सांगायचं नाही, घाबरते. चहा घेऊन निघू म्हणायचं. चहा होईपर्यंत विसरते. कोणी आलं की दारातच मोठ्याने सांगायचं, कोण आलंय, कुठून आलंय."

"ते कशाला?"

"तिला ओळख पटत नाही म्हणून."

मी एकेक ठिपका काढत चालले होते. तिथे हात थांबला.

"तुम्हाला तरी ओळखते ना?"

"अहो म्हणते," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून अहोच म्हणते. नाव कधी घेतलंच नाही, त्यामुळे ते गेलं कधी ते मलाही कळलं नाही. आता इस्त्रीवाल्यालाही अहोच म्हणते. रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून माझ्या हातचं खाते. आठवडाभर दिसलो नाही, तर परत आल्यावर मी तिचा कोण?"

म्हणजे गणपती, पितृपक्ष आणि तुळशीचं लग्न हे सगळं यासाठी होतं. छाती कापून घ्यायची त्यांना भीती नव्हती.

"आणि मला?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"तुला अगं म्हणते."

मी आठवून पाहिलं. अगं, आलीस का. अगं, बस ना. अगं, चहा घेतलास का. तिने मला नावाने हाक शेवटची कधी मारली, ते काही केल्या आठवेना. शनिवारमागून शनिवार मी त्या अगंवर खूश होऊन ठाण्याला परत गेले होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाबांनी समजूत घातली नाही. माझं संपेपर्यंत थांबले.

"अजून एक राहिलंय, ते लिही," ते मग म्हणाले. "मला हॉस्पिटलातून घरी आणाल तेव्हा तू पुढे हो. माझ्या आधी आत जा आणि तिला मोठ्याने सांग."

"काय सांगू?"

"सांग, तुझे अहो आलेत."

मी ते तसंच लिहून घेतलं. मग त्यांनी उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि स्वतःच तारीख सांगितली.